मदत हवी आहे: प्वोत्स्क नक्की कोणत्या प्रांतात? (दक्षिण प्रशिया, १७९३-१८०७)

नमस्कार मंडळी,

ई. टी. ए. होफमान या जर्मन लेखकावर लेख लिहायला घेतलाय. नाव होण्याआधी हा गृहस्थ प्रशियाच्या (तेव्हाचं एक जर्मन राज्य) न्यायखात्यात नोकरीला होता आणि त्याच्या बदल्यांपाशी माझं घोडं अडलंय. १८०० मध्ये पोझेन, म्हणजे आजचं पोझनान. १८०२ च्या कार्निव्हलमध्ये लष्करी अधिकाऱ्यांची व्यंगचित्रं वाटली गेली, ती याने काढलेली निघाली. झालं, प्वोत्स्कला रवानगी! (सरकारी नोकरीत आडगावी फेकणं तेव्हाही होतंच.) १८०४ पासून वॉर्सा.

मला कळलेलं असं: शेजारच्या सत्तांनी पोलंड आपसात वाटून घेतला, त्यातल्या १७९३ च्या दुसऱ्या फाळणीत प्रशियाने पोलंडचा पश्चिमेकडचा मुलूख घेतला. डान्झिग आणि थॉर्न ही शहरं पश्चिम प्रशियाला जोडली आणि उरलेल्या बहुतेक भागाचा दक्षिण प्रशिया केला, ठाणं पोझेन. १७९५ च्या तिसऱ्या फाळणीत वॉर्साही पदरात पडलं आणि ठाणं तिकडे हललं. कालपर्यंतची एका देशाची राजधानी प्रशियातलं एक प्रांतिक शहर झाली, हे मला अजून पचत नाही. १८०६ च्या नोव्हेंबरात फ्रेंच वॉर्सात शिरले, होफमानची नोकरी गेली आणि नेपोलियनशी झालेल्या १८०७ च्या टिल्झिटच्या तहानंतर प्रांतच उरला नाही.

अडचण प्वोत्स्कची. एका पुस्तकात ते दक्षिण प्रशियात दाखवलंय, दुसऱ्यात नव्या पूर्व प्रशियात. खरं कोणतं? आणि हद्दी दाखवणारा त्या काळचा नकाशा आहे का? मला सापडतात ते सगळे १८१५ नंतरचे. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:
दोन्ही पुस्तकं बरोबर आहेत, साल बघा. १७९३ मध्ये प्वोत्स्क दक्षिण प्रशियात गेलं. तिसऱ्या फाळणीनंतर नवा पूर्व प्रशिया निघाला, तेव्हा ते त्यात घातलं. त्या प्रांताचे दोन विभाग, एक बियालिस्टोकचा आणि दुसरा प्वोत्स्कचाच. म्हणजे तुमच्या होफमानची बदली प्रांताबाहेर झाली आणि वॉर्साला आल्यावर तो पुन्हा दक्षिण प्रशियात परतला. नकाशासाठी डेव्हिड गिलीचं नाव टाकून शोधा, दक्षिण प्रशियाचा त्याचा तपशीलवार नकाशा १८०२-०३ चा आहे. १८१५ नंतरच्या नकाशांच्या नादी लागू नका. तेव्हा पोझेन प्रशियाला परत मिळालं, पण वॉर्सा रशियाच्या झारकडे गेलं होतं, त्यामुळे जुन्या हद्दी त्यात दिसणारच नाहीत.

धागाकर्ता:
आभारी आहे! मग १७९५ नंतर या दोन प्रांतांची हद्द विस्तुला नदीवरूनच जायची का?