मदत हवी आहे: बीपी वाढलं तर नाडी मंदावायला हवी ना?

नमस्कार मंडळी,

आईचं (वय ६२) बीपी सध्या १५०/९५ च्या आसपास आणि नाडी ८६-९०. डॉक्टरांनी अ‍ॅम्लोडिपिन सुरू केलंय, त्यामुळे औषध सुचवू नका. माझं कोडं वेगळंच आहे. मानेतल्या धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणारे संवेदक असतात. दाब वाढला की तिथली भिंत ताणली जाते, लंबमज्जेला (मेंदूचा तळाचा भाग) वर्दी जाते आणि वेगस नर्व्ह ठोके कमी करते, असं वाचलंय. मग आईची नाडी ६० का नाही? उलट गोळी सुरू झाल्यापासून धडधडतंय म्हणते. शेजारच्या काकूंचा निकाल झालाय: गोळी मानवत नाही, बंद करा!

प्रतिसाद

काकूंना चहा पाजा, पण गोळी मनाने बंद करू नका.

तुम्ही वाचलंत ते अचानक चढलेल्या दाबाला लागू आहे. दाब सततच चढा राहिला की संवेदक त्यालाच नॉर्मल धरतात. गीझरचं बटण कुणी ५० वरून ६० वर फिरवून ठेवलं, तर ५५ ला तो बंद होईल का? त्यात वयाने धमन्या कडक होतात, भिंत पुरेशी ताणलीच जात नाही. शिवाय बीपीच्या बऱ्याच रुग्णांत चेतासंस्थेची ठोके वाढवणारी (अनुकंपी, म्हणजे सिम्पथेटिक) बाजू जोरात असते आणि वेगसचा अंमल ढिला. तरुण माणसाचं हृदय एकटं सोडलं तर मिनिटाला १०० च्या आसपास चालतं. वेगस ते ७० वर आणते. म्हणजे नुसता तिचा अंमल ढिला झाला तरी ठोके वाढणार.

आता गोळी. ती रक्तवाहिन्या सैल करते, दाब उतरतो. चढ्या दाबाला सरावलेल्या संवेदकांना तो कमीच वाटतो, म्हणून ठोके वाढतात. याच जातीच्या जुन्या, झटपट काम करणाऱ्या निफेडिपिन कॅप्सूलने हे फार व्हायचं. अ‍ॅम्लोडिपिनचा असर हळूहळू चढतो, म्हणून कमी. संवेदक नव्या दाबालाही बऱ्याच अंशी सरावतात. तरी धडधड डॉक्टरांना फोन करून कळवाच. नाडी वाढायला थायरॉइड, रक्त कमी असणं अशी कारणंही असतात. छातीत दुखलं, धाप लागली, घेरी आली तर थेट दवाखाना.

एक विचारतो, बीपी मोजता कधी?

धागाकर्ती

भाजी घेऊन दोन जिने चढून आली की लगेच. तेव्हाच आठवतं तिला.

प्रतिसाद

अहो! आधी पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसवा, मग मोजा. आणि वहीत बीपीशेजारी नाडीही लिहा.