शब्दचर्चा: ‘लाइव्ह बर्थ’ला मराठीत काय म्हणायचं?

बावड्याची भाषांतरकार

इथल्या एका केंद्रात आयव्हीएफच्या (बीज शरीराबाहेर फळवून गर्भ पिशवीत सोडायच्या) उपचारावर संशोधन सुरू व्हायचंय. भाग घेणाऱ्या जोडप्यांसाठीचं माहितीपत्रक आणि संमतीपत्र मराठीत आणायचं काम माझ्याकडे आहे. मूळ इंग्रजीत लिहिलंय की या अभ्यासात मुख्य मोजमाप ‘लाइव्ह बर्थ’ हे असेल. मी सरळ ‘जिवंत जन्म’ केलं. जन्म-मृत्यू नोंदणीत हाच शब्द चालतो, म्हणून खात्रीचा वाटला.

मसुदा वाचून दाखवायला बसलो, तर राधानगरीकडची एक बाई सासूबरोबर आली होती. ‘जिवंत’ शब्द कानावर पडला आणि सासू म्हणाली, “जिवंत म्हंजे? मेलेलं बी हुतंय का ह्यात?” सुनेनं पदर तोंडाला लावला. पुढची दोन पानं मी वाचली खरी, पण त्या दोघींच्या कानात काही शिरलं नाही.

मग ‘बाळ हाताला लागणे’ असं केलं. ते लगेच कळलं. पण संमतीपत्राचं उलट भाषांतर होतं. दुसरा कुणी मूळ न बघता मराठीवरून पुन्हा इंग्रजी करतो आणि दोन्ही मजकूर ताडून बघतात. त्यात माझ्या ‘हाताला लागणे’चं ‘बाळ मिळणे’ झालं आणि एथिक्स कमिटीनं (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीनं) विचारलं, हे दत्तक घेण्याबद्दल आहे का? दोन्हीकडे चालेल असा शब्द सुचवा.

करवीरकर

‘सजीवजन्म’ म्हणा. एक संज्ञा, एक अर्थ, उलट भाषांतरात घोटाळा नाही. नवा शब्द आधी टोचतोच. ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ हे सावरकरांनी दिले तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती, आज ते शब्द घडवलेले आहेत हेही कुणाच्या लक्षात नाही. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करून घेतला तोही याच भूमिकेतून. शास्त्र मराठीत यायचं तर संज्ञा पक्क्या हव्यात. घरगुती बोलीवर विज्ञान उभं राहत नाही.

राजारामपुरीची सिस्टर

सर, ‘सजीवजन्म’ मी वाचून दाखवतो आणि तुम्ही समोर बसून त्या बाईचं तोंड बघा. आमच्याकडं कुणी अशा शब्दात बोलत नाही. दिवस राहिल्याचा रक्ताचा रिपोर्ट आला की “बीटा आला”. सोनोग्राफीत हृदयाचे ठोके दिसले की “ठोके लागले”. गर्भाशय म्हणजे पिशवी. या बायकांचे सगळे टप्पे या चार शब्दांत येतात. त्यापुढं “बाळ झालं” एवढंच म्हणतात. तेच लिहा की.

आणि ताई, तुमच्या कागदावर सगळ्यात वर मोठ्या अक्षरात ‘वंध्यत्व उपचार संशोधन’ लिहिलंय, ते आधी काढा. तो कागद बाई घरी नेते. जावा वाचतात, नणंदा वाचतात. मी स्वतः एकीला तो मथळा फाडून बाकीचा कागद पर्समध्ये ठेवताना बघितलंय.

नवा सभासद

मध्येच विचारतो, क्षमस्व. सिस्टर म्हणताय आणि ‘मी दाखवतो’ लिहिताय?

राजारामपुरीची सिस्टर

कोल्हापूरची हाय म्हणून. आमच्या आईपासून सगळ्या “मी जातो, मी येतो” असंच म्हणतो.

करवीरकर

वंध्यत्व या शब्दाचा दोष काय? वांझ हा शिवीसारखा वापरला जातो हे मान्य. पण संस्कृत ‘वन्ध्या’, प्राकृत ‘वंझा’, मराठी ‘वांझ’ अशी सरळ वाट आहे. मूळ शब्द निष्फळ एवढंच सांगतो, आणि तोही फक्त स्त्रीबद्दल नव्हे. अमरकोशात ‘वन्ध्योऽफलोऽवकेशी च’ हे झाडांच्या वर्गात येतं, म्हणजे फळ न धरणारं झाड. तिथं शब्द पुल्लिंगी आहे. समाजानं तो बाईच्या कपाळावर मारला म्हणून शास्त्रानं का सोडायचा?

मंगळवार पेठेतली

सर, तुमचा अमरकोश खरा असेल. पण हळदीकुंकवाला मला शेवटी बसवतात तेव्हा कुणी अमरकोश उघडत नाही. ‘वंध्यत्व’ वाचलं की मला ‘वांझ’च ऐकू येतं. तुम्ही दाखवलेल्या वाटेनंच ते येतं. उपचार दोघांवर चाललेत, रिपोर्ट नवऱ्याचा कमी आलाय, आणि फाइलवरचा शब्द मात्र माझ्याच अंगाला चिकटतो. मला ‘मूल होण्यासाठीचे उपचार’ असं लिहिलेलं चालेल.

रानभाज्यावाली

पेठेतल्या ताईंनी नवऱ्याच्या रिपोर्टचं लिहिलं म्हणून सांगते. पावसाळ्यात आपल्याकडे करटोली येतात. त्यात ‘वांझ करटोली’ म्हणून एक वेल असतो, आयुर्वेदात त्याचा कंद वापरतात, नाव वन्ध्या कर्कोटकी. करटोलीत नर वेल आणि मादी वेल वेगळे असतात. फळ फक्त मादीला. लोक ज्याला वांझ करटोली म्हणतात तो प्रत्यक्षात नर वेल. त्याला फुलं येतात, परागही येतात, त्याच्यावाचून शेजारच्या वेलाला एक फळ धरणार नाही. नाव मात्र बाईचं दिलं. आजीनं हे वेल दाखवत शिकवलं होतं, पुढे वनस्पतिशास्त्रात नीट कळलं.

संख्याशास्त्राचा मास्तर

करटोलीची माहिती मोलाची आहे. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्याही हा आजार स्त्री किंवा पुरुष, कुणाच्याही प्रजननसंस्थेचा मानते: 12 महिने किंवा जास्त नियमित, साधनांशिवाय संबंध असूनही गर्भधारणा न होणे. पुरुषाच्या दोषावर मोठा उपाय निघाला तो 1992 मध्ये ब्रुसेल्सहून, इक्सी. एक शुक्रजंतू सुईनं थेट स्त्रीबीजात सोडायचा.

पण मूळ प्रश्न मागे पडू नये. ‘लाइव्ह बर्थ’ या शब्दावर एवढं अडून का बसायचं, हे सांगतो. समजा 100 जणींनी उपचार सुरू केले. काहींची बीजं नीट निघाली नाहीत, काहींचा गर्भ तयार झाला नाही, 80 जणींपर्यंत गर्भ पिशवीत सोडण्याची पायरी आली. त्यातल्या 40 जणींचा बीटा आला. 33 जणींना ठोके लागले. 27 जणींना बाळ झालं. आता एक जण 80 पैकी 40 धरून 50 टक्के यश म्हणेल, दुसरा 100 पैकी 27 धरून 27 टक्के म्हणेल. दोघंही खोटं बोलत नाहीत. पण घरी पाळणा हलला का, हे दुसऱ्याच्याच आकड्यात कळतं.

हे नुसतं तात्त्विक नाही. गर्भ सोडण्याआधी पिशवीचं अस्तर जरा खरवडलं तर गर्भ चांगला रुजतो, असं लहान लहान अभ्यासांवरून मानलं जात होतं. बायकांनी ते दुखणं सोसलं, पैसे मोजले. 2019 मध्ये 1364 स्त्रियांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मोजलं होतं लाइव्ह बर्थ. खरवडलेल्यांत 26.1 टक्के, न खरवडलेल्यांतही 26.1 टक्के. उलटपक्षी 2014 मध्ये पीसीओएस (बीज वेळेवर न सुटण्याचा एक विकार) असलेल्या 750 स्त्रियांच्या अभ्यासात बीज सुटण्यासाठीच्या लेट्रोझोल या गोळीनं 27.5 टक्के आणि जुन्या क्लोमिफेननं 19.1 टक्के जणींना बाळ झालं. औषध बदललं ते अशा आकड्यांमुळे. म्हणून माहितीपत्रकात बीटा, ठोके आणि बाळ या तिन्हींना तीन वेगळे शब्द हवेत. ‘यश’ हा शब्द तर कुठेच नको.

राजारामपुरीची सिस्टर

हे मास्तरांनी बरोबर सांगितलं. बीटा आला की पेढे वाटणारी माणसं मी बघितल्यात, आणि मग दोन महिन्यांनी त्याच बाईला घेऊन बसायला लागतं. ‘यश’ काढाच.

गोठ्यातला (कागल)

मी जनावरं भरवायचं काम करतोय, कृत्रिम रेतन. आमच्यात गाय राहिली न्हाई तर ‘उलटली’ म्हणत्यात. एकवीस दिवसांनी परत माजावर आली की उलटली. तीनदा भरवून न्हाई राहिली तर वारंवार उलटणारी. तिला लगेच वांझ कुणी म्हणत न्हाई. उलटली हे त्या खेपेचं नाव झालं, गाईचं न्हवं. तुमच्या कागदात असला शब्द का न्हाई? खेप फुकट गेली एवढंच सांगणारा.

आणि गोठवलेलं बीज आम्ही रोज हाताळतोय, नायट्रोजनच्या कॅनमध्ये, उणे 196 अंशाला. माणसाचा गर्भ बी त्यातच ठेवत्यात हे ऐकून गावात लोकांना नवल वाटतंय, मला न्हाई वाटत.

मंगळवार पेठेतली

दादा, तुमचा मुद्दा पटला, शब्द नको. सासरी एक म्हातारी “म्हशीला तरी इंजेक्शन लागू पडतं” म्हणाली होती. जनावराचा शब्द माझ्या फाइलवर आला तर मी सही करणार नाही. आमच्यात ‘राहिलं नाही’ म्हणतात. “या वेळी राहिलं नाही” यात तुमच्या ‘उलटली’चं सगळं येतं.

गोठ्यातला (कागल)

‘राहिलं नाही’ चांगलं हाय ताई. तेच घ्या.

करवीरकर

गोठवण्याचा विषय निघाला म्हणून. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी गोठवलेला गर्भ वापरूनच 3 ऑक्टोबर 1978 रोजी मूल जन्माला आणलं. इंग्लंडमधल्या ओल्डहॅमची, या पद्धतीनं जगात पहिली जन्मलेली मुलगी 25 जुलैची, म्हणजे अंतर जेमतेम दहा आठवड्यांचं. त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, 1981 मध्ये त्यांनी जीवन संपवलं. पुढे 6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून मूल झालं, आणि मुखोपाध्यायांचं काम खरं होतं हे नंतर आनंदकुमारांनीच त्यांच्या नोंदी तपासून जगापुढे मांडलं. हे मोठं मन. पण तेव्हापासून मराठीत ‘टेस्ट ट्यूब बेबी’ रुळलं ते रुळलंच. फलन नळीत होत नाही, पसरट काचेच्या बशीत होतं. ‘देहबाह्य फलन’ म्हटलं असतं तर हा गैरसमज पसरलाच नसता.

बावड्याची भाषांतरकार

सर, ‘फलन’ आलं की पुढे ‘भ्रूण’ येतो, आणि तिथं मी आणखी अडले आहे. शास्त्रीय शब्द भ्रूणच. पण या जिल्ह्यात तो शब्द लोकांनी भिंतींवर वाचलाय तो ‘स्त्रीभ्रूणहत्या’ यातच. 2001 च्या जनगणनेत इथं सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे 839 मुली होत्या, त्यानंतर गावोगाव फलक लागले. आता ‘उरलेले भ्रूण नष्ट केले जातील’ असं वाक्य मी त्याच लोकांपुढे कसं ठेवू? ‘गर्भ’ म्हटलं तर तीन-चार महिन्यांचं पोट डोळ्यांपुढे येतं. सध्या मी पहिल्या वेळी ‘बीज फळून तयार झालेला, डोळ्यांना न दिसणारा गर्भ’ असं लांबलचक लिहिलंय.

राजारामपुरीची सिस्टर

लांबलचकच बरं. पण मला सगळ्यात जास्त त्रास ‘यादृच्छिक’नं होतो. “तुमची यादृच्छिक पद्धतीने गटात विभागणी होईल.” हे वाचताना माझीच जीभ अडखळते. मी आपलं सांगतो, कौल लावल्यासारखं, देवीच्या मनात असेल तो गट.

संख्याशास्त्राचा मास्तर

सिस्टर, ‘कौल’ कृपा करून नको. कौल म्हणजे देवीनं विचार करून दिलेलं उत्तर. फूल उजवीकडे पडलं तर त्याला अर्थ असतो. बाईला वाटेल, मला हा गट अंबाबाईनं दिला, आता सोडून कशी जाऊ? संशोधनातून कधीही बाहेर पडायचा तिचा हक्क आहे आणि तो संमतीपत्रात लिहिलेला असतो. कौल त्या हक्कावरच पाणी फिरवतो. ‘सोडत’ म्हणा. म्हाडाच्या घरांची सोडत सगळ्यांना माहीत आहे.

मंगळवार पेठेतली

सोडतीत घर लागतं तो जिंकला, बाकीचे हरले. मला दुसरा गट आला तर मी हरले असंच वाटणार. कुठला गट चांगला हे डॉक्टरांनाही माहीत नसतं, म्हणून तर अभ्यास करताय ना? मग तसंच लिहा. “कोणता उपचार जास्त चांगला हे अजून कुणालाच माहीत नाही. म्हणून कुणाला कोणता द्यायचा हे डॉक्टरही ठरवणार नाहीत, तुम्हीही नाही.” पुढे काय करतात ते सांगा. चिठ्ठी काढतात का?

संख्याशास्त्राचा मास्तर

ताई, तुमचं वाक्य जसंच्या तसं घ्यावं असं मी भाषांतरकारांना सुचवतो. क्रम संगणक ठरवतो, आणि बऱ्याच ठिकाणी तो बंद, आरपार न दिसणाऱ्या पाकिटांत ठेवतात. बाईची सही झाल्यावरच तिच्या क्रमांकाचं पाकीट उघडायचं.

राजारामपुरीची सिस्टर

दवाखान्यात ‘पाकीट’ म्हटलं की माणसं खिशाकडं हात नेतात. काय द्यायला लागणार, असं विचारतात.

करवीरकर

‘लखोटा’ आहे की! बंद लखोटा. लाखेनं मोहोर केलेला म्हणून लखोटा. अस्सल शब्द, कुणालाही कळेल.

रानभाज्यावाली

लाखेवरून का? मी तर लिहिण्यावरून, ‘लेख’वरून ऐकलंय. आमच्या आजोबांकडे मोडीतले लखोटे होते, त्यातल्या एकालाही लाख नव्हती, नुसती घडी आणि वरून दोरा.

करवीरकर

दोरा असेल तर तो खलिता. लखोटा वेगळा. त्या घडीवर डिंकाचा डाग आहे का, एवढं बघून सांगा.