जर्मनीसाठी वेगळं बिल्ड (गेमची तयार आवृत्ती) काढायचं का? महायुद्धाच्या गेममधली नाझी चिन्हं, सल्ला हवा

सेनिओकाठ

नमस्कार मंडळी. चार जणांची टीम, युनिटी (गेम बनवायचं इंजिन), फक्त पीसी, फक्त स्टीम (ऑनलाइन गेम-दुकान). गेम इटलीतल्या मराठा पलटणींवर आहे. पहिलं प्रकरण १० जुलै १९४४, टायबर नदीचं वरचं खोरं, नाईक यशवंत घाडगे (३/५ मराठा लाइट इन्फंट्री). दुसरं ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी, शिपाई नामदेव जाधव (१/५ मराठा). दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता, त्यामुळे इतिहासाशी तडजोड करायची नाही.

प्रश्न असे:
१. नाझी चिन्हं ठेवून गेम जर्मनीत विकता येतो का?
२. नसेल तर नेमकं काय काय बदलावं लागतं?
३. एका लेव्हलमध्ये खंदकात पूजेची थाळी आहे, तिच्यात कुंकवाचं स्वस्तिक. तेही काढावं लागेल का?

कलमवाचक

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

जर्मन दंडसंहितेचं कलम ८६ अ बंदी असलेल्या संघटनांची चिन्हं पसरवण्याला गुन्हा ठरवतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. चिन्ह म्हणजे नुसता हाकेनक्रॉइट्स (नाझींचं स्वस्तिक) नव्हे. एसएसचे (नाझी पक्षाच्या निमलष्करी दलाचे) जोड-रून (विजेसारखी दोन अक्षरं), एसएसची कवटी, हिटलरचं चित्र, हात पुढे करून केलेला सलाम, 'झीग हाइल'सारख्या घोषणा, होर्स्ट वेसल गीत (नाझी पक्षाचं गाणं), हे सगळं त्यात येतं. फसगत होईल इतकी सारखी दिसणारी चिन्हंसुद्धा येतात. म्हणून हाकेनक्रॉइट्सचा एक हात कापून टाकला की सुटलो, असं समजू नका.

सवलत कलम ८६ मध्ये आहे. तिला 'सामाजिक औचित्य' म्हणतात. कला, विज्ञान, संशोधन, शिक्षण, इतिहासाचं वार्तांकन यांसाठी चिन्ह दाखवता येतं. सिनेमाला ही सवलत कायम मिळत आली, गेमला मिळत नव्हती. 'वोल्फेनस्टाइन थ्रीडी' हा नाझींविरुद्धच्या नेमबाजीचा गेम १९९४ मध्ये जप्त झाला आणि १९९८ च्या फ्रँकफर्ट उच्च न्यायालयाच्या निकालानंतर सगळ्या प्रकाशकांनी वीस वर्षं आधीच कात्री चालवली. ९ ऑगस्ट २०१८ ला यूएसकेने, म्हणजे तिथल्या गेम-वर्गीकरण संस्थेने, जाहीर केलं की यापुढे गेमलाही ही सवलत लावून बघू, पण एकेक गेम तपासून.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'येतं' असं आहे, मात्र आपोआप नाही. हिटलरविरोधी गटावरचा बर्लिनचा 'थ्रू द डार्केस्ट ऑफ टाइम्स' आणि प्रागचा 'अटेंटाट १९४२' हे दोन्ही गेम याच वाटेने चिन्हांसकट जर्मनीत पोचले. तुमचा विषय त्याच जातीचा आहे. आधी चिन्हांसकट बिल्ड यूएसकेपुढे ठेवा, असंच माझं ठाम मत.

दोन खबरदाऱ्या. एक, औचित्य तपासायला माणसं लागतात. यूएसकेच्या नेहमीच्या प्रक्रियेत परीक्षक गेम शेवटपर्यंत खेळून समितीपुढे मांडतो. प्रश्नावली भरून मिळणाऱ्या आपोआप वयोगटात हा विचार होत नाही. दोन, १५ नोव्हेंबर २०२४ पासून स्टीमवर वयोगट नसलेला गेम जर्मन ग्राहकाला दिसतच नाही. त्यासाठी स्टीमचीच प्रश्नावली चालते, पण तिच्यातून मिळालेला आकडा म्हणजे कलम ८६ अ मधून सुटका नव्हे. या दोन गोष्टींची गल्लत बरेच जण करतात.

गणवेशअभ्यासक

दुसऱ्या प्रश्नावर. तुमच्या बाबतीत चिन्हं वाटतात त्यापेक्षा कमी आहेत. इटलीतल्या आघाडीवर लाल झेंडे फडकत नव्हते. समोर नियमित जर्मन सैन्य होतं. त्याच्या अंगावर हाकेनक्रॉइट्स कुठे असतो, ते सांगतो.

उजव्या छातीवरचा गरुड: पंजात चक्र, चक्रात चिन्ह. टोपीवर तोच गरुड, लहान. कमरपट्ट्याचं बक्कल: 'गॉट मिट उन्स' अक्षरं आणि मधे गरुड. अक्षरं प्रशियाच्या काळापासूनची आहेत, ती राहू द्या, फक्त चक्र साफ करा. पगारपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर गरुड. आणि सगळ्यात जास्त विसरला जाणारा १९३९ चा आयर्न क्रॉस, त्याच्या बरोब्बर मधे चिन्ह असतं.

आयर्न क्रॉससाठी तयार उत्तर आहे. पश्चिम जर्मनीने १९५७ च्या कायद्याने जुनी पदकं चिन्हाशिवाय लावायला परवानगी दिली, तेव्हा मधे ओकची पानं आली. ते डिझाइन जसंच्या तसं घ्या. काळाशी जुळत नाही हे खरं, पण जर्मन खेळाडूच्या डोळ्याला ते ओळखीचं आहे.

रणगाड्यांवरचा सरळ काळा-पांढरा क्रॉस हे बंदी असलेलं चिन्ह नाही. त्याला हात लावू नका. तो उगाच काढून तिथे काल्पनिक बोधचिन्ह टाकलेले गेम पाहिलेत, गरज नव्हती. हेल्मेटवरचा गरुड १९४३ मध्ये बंद झाला होता, त्यामुळे नव्या हेल्मेटवर तो तुमच्या कोणत्याच प्रकरणात नको.

सलामाचं ॲनिमेशन तपासा. जर्मन सैन्यात हात पुढे करण्याचा सलाम सक्तीचा झाला तो २४ जुलै १९४४ ला, हिटलरवरच्या हल्ल्यानंतर. तुमचं पहिलं प्रकरण १० जुलैचं. तिथे कपाळाशी हात नेण्याचा नेहमीचा लष्करी सलामच इतिहासाला धरून आहे. १९४५ च्या प्रकरणात मात्र नाझी सलाम येऊ शकतो, तिथे पर्यायी ॲनिमेशन करून ठेवा.

बिल्डवाली

कलमवाचक म्हणतात ते बरोबर, तरी पर्यायी बिल्ड तयार ठेवाच. यूएसकेने नकार दिला आणि तेव्हा काम सुरू केलं, तर प्रदर्शनाची तारीख हातची जाते. आता युनिटीबद्दल.

चिन्ह कधीही मूळ टेक्स्चरमध्ये (मॉडेलवर चढवलेल्या चित्रात) रंगवू नका. २०४८ च्या गणवेशाच्या टेक्स्चरवर छातीचा गरुड जेमतेम ९०-१०० पिक्सेल रुंद येतो. तेवढ्यासाठी आख्खं टेक्स्चर दोनदा पाठवायचं कशाला? गणवेश कोरा ठेवा, गरुड वेगळ्या डेकलवर (वरून चिकटवलेल्या चित्रावर). सगळी चिन्हं एका ॲड्रेसेबल्स गटात (युनिटीची फाइली पत्त्याने मागवायची सोय), पर्यायी चिन्हं दुसऱ्या गटात, दोन्हीकडे पत्ते तेच. इतर चित्रांबरोबर एका ॲटलासमध्ये (अनेक चित्रांच्या एकत्र फाइलीत) ती बांधू नका, नाहीतर गट काढला तरी चिन्ह ॲटलासमधून आत येतं.

दुसरी गोष्ट, सेटिंगमधलं बटण हा उपाय नाही. फाइल डिस्कवर असेल तर तुम्ही ती वाटलीच. जर्मन बिल्डमध्ये ती फाइल असताच कामा नये. स्टीमवर तीन डेपो (फाइलींचे संच) करा: एक सामाईक, एक चिन्हांचा, एक पर्यायी चिन्हांचा. जर्मन पॅकेजमध्ये पर्यायी डेपो जोडा. स्टीमवर्क्समध्ये (स्टीमच्या विकसकांसाठीच्या व्यवस्थेत) डेपोला 'लो व्हायलन्स' अशी खूण देता येते आणि खेळाडूच्या परवान्यात तो डेपो आहे का हे गेमला विचारता येतं. नाव हिंसेचं असलं तरी देशानुसार मजकूर बदलायची सोय हीच.

आता तपासणी. याला आम्ही 'गुलाबी बिल्ड' म्हणतो. चिन्हांच्या गटातलं प्रत्येक चित्र भडक गुलाबी चौकोनाने बदला आणि गेम पूर्ण खेळा. गुलाबी दिसलं तर ते चिन्ह तुमच्या ताब्यात आहे. कुठेही खरा हाकेनक्रॉइट्स दिसला तर तो गटाबाहेर भाजला गेलाय, म्हणजे दुसऱ्याच फाइलीत कायमचा मिसळलाय. नेहमी सापडतो त्या जागा:

– नॉर्मल मॅप (पृष्ठभागाचा उठाव दाखवणारं चित्र). रंग साफ केला तरी बक्कलवरचा उठाव तसाच राहतो आणि तिरप्या उजेडात चिन्ह चमकतं.
– रिफ्लेक्शन प्रोब (आसपासचं साठवलेलं प्रतिबिंब). चिन्ह लावलेलं असताना बेक केला, म्हणजे आधीच बनवून ठेवला, तर डबक्यात आणि काचेत त्याचं प्रतिबिंब उरतं. प्रोब नेहमी पर्यायी संच लावूनच बेक करा.
– लांबून दिसणारे एलओडी (मॉडेलच्या कमी बारकाव्याच्या आवृत्त्या). कलाकाराने ते जुन्या टेक्स्चरवरून बनवलेले असतात.
– अचीव्हमेंटचे आयकॉन, लोडिंग स्क्रीन, मुख्य मेनूची पार्श्वभूमी.
– विकत घेतलेले ॲसेट पॅक. 'जर्मन ऑफिस' पॅकमध्ये टेबलावरच्या फ्रेममध्ये हिटलर बसलेला असतो.

आवाजाकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. गर्दीच्या ध्वनिफितीत घोषणा, रेडिओवरच्या गाण्याची धून, हे कानांनीच शोधावं लागतं. ध्वनिफितींची पूर्ण यादी काढा आणि जर्मन समजणाऱ्या माणसाकडून एकेक ऐकवून घ्या.

एक चुकलं तरी काय होतं, त्याचं उदाहरण २००९ चं 'वोल्फेनस्टाइन'. जर्मन आवृत्तीत एक चिन्ह राहून गेलं आणि प्रकाशकाला माल दुकानांतून परत बोलवावा लागला.

सेनिओकाठ

खूप मोलाचं सांगितलंत सगळ्यांनी. सलामाची तारीख आमच्या लक्षातच आली नव्हती. बिल्डवाली ताई, एक शंका. डेपोऐवजी जर्मन भाषा निवडली की पर्यायी संच, असं केलं तर? काम निम्मं होईल.

बिल्डवाली

नको. म्युनिकमधला खेळाडू इंग्रजी निवडतो आणि चिन्हं परत येतात. उलट झुरिकचा खेळाडू जर्मन निवडतो आणि त्याला विनाकारण कापलेला गेम मिळतो. कायदा देशाचा आहे, भाषेचा नाही. पॅकेज देशावरच बांधा. ऑस्ट्रियाचा स्वतंत्र विचार करा, तिथे १९४७ चा बंदी कायदा आणि १९६० चा चिन्हांचा कायदा वेगळे आहेत.

आणि सेव्ह फाइलमध्ये चिन्हाचं नाव लिहू नका, फक्त पत्ता लिहा. नाहीतर दोन बिल्डच्या सेव्ह एकमेकांत उघडणार नाहीत.

पानोपानी

संवादांच्या बाजूने एक कळकळीची विनंती. चिन्ह बदलताना इतिहास पुसू नका.

'वोल्फेनस्टाइन २: द न्यू कोलोसस' २०१७ मध्ये आला तेव्हा जर्मन आवृत्तीत हिटलरची मिशी काढली, त्याला 'हाइलर' नाव दिलं, नाझींना 'राजवट' केलं. तिथवर एक वेळ समजू शकतो. पण ज्यूंचा उल्लेखसुद्धा गाळला गेला आणि त्यावर जर्मनीतच टीकेची झोड उठली. कायद्याने यातलं काहीच मागितलं नव्हतं. कलम ८६ अ चिन्हांबद्दल आहे. 'नाझी' हा शब्द, छळछावणीचा उल्लेख, ज्यूंच्या हत्येचा उल्लेख यांवर बंदी नाही. उलट औचित्याची सवलत मिळते ती याच मजकुराच्या जोरावर. तो गाळला तर गेम निव्वळ नेमबाजी उरतो आणि चिन्ह का ठेवलं याचं उत्तरच तुमच्याकडे राहत नाही.

म्हणून पर्यायी बिल्डमध्येही संवाद तेच ठेवा. बदल फक्त चित्र, ॲनिमेशन आणि घोषणांच्या ध्वनिफितींत. अनुवादकाला हे लेखी द्या, कारण भीतीपोटी अनुवादकच शब्द मवाळ करून टाकतात.

कलमवाचक

पानोपानींशी शंभर टक्के सहमत.

यूएसकेला काय द्यायचं तेही लिहितो. पूर्ण बिल्ड, प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीची सेव्ह, खेळायची वाट दाखवणारा दस्तऐवज आणि चिन्हांचा तक्ता. तक्त्यात चार रकाने पुरतात: चिन्ह, प्रकरण व जागा, किती वेळ दिसतं, का आहे. 'का' मध्ये 'वातावरणनिर्मितीसाठी' असं लिहू नका, ते तुमच्याच विरोधात जातं. 'मृत सैनिकाची पगारपुस्तिका, पलटणीच्या गुप्तवार्ता अधिकाऱ्याकडे नेण्याचं काम' हे खरं कारण आहे. ज्या ओळीला असं कारण सुचत नाही, ते चिन्ह सगळ्याच देशांच्या बिल्डमधून काढा.

ट्रेलर, स्टोअरचं मुख्य चित्र आणि स्क्रीनशॉट यांत एकही चिन्ह ठेवू नका. दोन तासांच्या खेळात जो संदर्भ उभा राहतो तो ३० सेकंदांत राहत नाही. मल्टिप्लेअर केलात तर तिथेही तेच. 'कॉल ऑफ ड्यूटी: डब्ल्यूडब्ल्यू २' मध्ये मोहिमेत चिन्हं ठेवून मल्टिप्लेअरमधून काढली होती, ती विभागणी शहाणपणाची आहे.

शेवटची मोहोर मात्र जर्मन वकिलाच्या लेखी मताचीच. आमच्या धाग्यावरच्या मताची नव्हे.

गणवेशअभ्यासक

तिसरा प्रश्न मागे राहिला, थाळीचा. काढू नका.

आकार सारखा असला तरी वापर वेगळा आहे आणि जर्मन कायद्याचा रोख त्या संघटनांच्या चिन्हावर आहे. २००७ च्या सुरुवातीला जर्मनीने युरोपभर बंदीचा विषय काढला होता, तेव्हा हिंदू संघटनांनी आक्षेप घेतला आणि तो प्रस्ताव पुढे गेला नाही. त्याच वर्षी १५ मार्चला जर्मनीच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने काट मारलेल्या हाकेनक्रॉइट्सलाही मोकळीक दिली, कारण त्यातून विरोध उघड दिसतो. बघणाऱ्याला काय कळतं याला तिथे वजन आहे.

तेव्हा बघणाऱ्याला पहिल्या नजरेत कळेल असं काढा. बाहू सरळ, ४५ अंशात कललेले नकोत. चारही घरांत ठिपके हवेतच. रंग ओल्या कुंकवाचा, कडा बोटाने ओढल्यासारख्या असमान, खाली तांब्याची थाळी, बाजूला अक्षता आणि सुपारी. काळा रंग आणि पांढरं वर्तुळ आसपास कुठेही नको. कॅमेरा थाळीवर आला की आधी अक्षता आणि निरांजन दिसू दे, मग स्वस्तिक. ही फाइल चिन्हांच्या गटात टाकू नका, नाहीतर पर्यायी बिल्डमध्ये पूजेच्या थाळीत जर्मन क्रॉस उगवेल. नावही 'स्वस्तिक_०१' नको, 'पूजा_कुंकू_०१' ठेवा. जर्मन सामानाच्या फाइलींना 'हाकेनक्रॉइट्स' हेच नाव द्या, म्हणजे शोधताना दोन्ही सरमिसळणार नाहीत.

पानोपानी

नावांचा हाच नियम उपशीर्षकांनाही लावा. मराठी संवादात जर्मन झेंड्याला 'स्वस्तिक' म्हणू नका, इंग्रजी अनुवादात तो शब्द थाळीसाठी मोकळा राहू द्या. जर्मन अनुवादकाला तर हे सोपंच आहे, त्यांच्या भाषेत दोन्ही शब्द वेगळे आहेत.

सेनिओकाठ

ठरलं. चिन्हांसकट बिल्ड यूएसकेकडे, पर्यायी डेपो तयार, थाळी तशीच. आजच गुलाबी बिल्डला बसतो. चिन्हांच्या तक्त्यात सध्या ३१ ओळी आहेत, 'का' चा रकाना भरताना किती उरतात ते इथेच लिहीन.

बिल्डवाली

गुलाबी बिल्ड खेळताना मृत सैनिक उलटेसुलटे पाडून बघा. छातीचा गरुड रॅगडॉलच्या (कोसळणाऱ्या शरीराच्या) वेगळ्या मेशवर, म्हणजे मॉडेलवर, भाजलेला राहतो, उभ्या सैनिकावर तो कधीच दिसत नाही.