‘कातालान म्हणजे स्पॅनिशचीच बोली’ : हे खोडून काढायलाच हवं

घाटवाट : परवा एकाने लिहिलं, ‘कातालान (स्पेनच्या ईशान्येकडच्या कातालोनिया प्रांतातली भाषा) ही स्पॅनिशचीच बोली, श्रीमंत प्रांताने कर वाचवायला तिचा झेंडा केलाय.’ खाली वाहवा करणाऱ्यांची रांग! अहो, दोन्ही भाषा लॅटिनमधून वेगवेगळ्या वाढल्या. कातालानचं जवळचं नातं दक्षिण फ्रान्समधल्या ऑक्सितान भाषेशी आहे. तेराव्या शतकात मायोर्का बेटावरचा रामोन लुल कातालानमध्ये तत्त्वज्ञान लिहीत होता. ११ सप्टेंबर १७१४ ला बार्सिलोना पडलं. १७१६ च्या फर्मानाने स्पेनच्या पाचव्या फेलिपे राजाने तिथल्या संस्था मोडल्या, वरिष्ठ न्यायालयाचं काम कास्तिलियनमध्ये (म्हणजे स्पॅनिशमध्ये) नेलं. विसाव्या शतकातला हुकूमशहा फ्रँकोने तर भाषा शाळा-कचेऱ्यांतूनच हद्दपार केली. १९६८ ला गायक सेराटने युरोव्हिजन या गाण्यांच्या स्पर्धेत कातालानमध्ये गाण्याचा हट्ट धरला, तर त्याच्या जागी दुसरी गायिका पाठवली. यात कर कुठे आला?

जुनाबखर : बोली नाही, हे मान्य. पण १७१४ ला भाषेची लढाई करू नका. ते स्पेनच्या गादीचं भांडण होतं. कातालान लोक फेलिपेविरुद्ध हॅब्सबर्ग घराण्यातल्या कार्लच्या बाजूने लढले आणि हरले. आणि फ्रँकोला पैसा पुरवणाऱ्यांत कांबोसारखा कातालान पुढारीही होता, ते सोयीस्करपणे गाळलंत.

घाटवाट : भांडण गादीचं असेल, पण कायदे आणि कारभाराची भाषा कुणाची गेली? कांबोने पैसा दिला म्हणून बंदी सौम्य झाली का?

रेवती_बार्सिलोना : इतिहास ठेवा बाजूला, मी इथे राहते. मुलीला वर्षाच्या मध्यात शाळेत घातलं. सगळे विषय कातालानमध्ये, पालकांच्या सूचनाही फक्त कातालानमध्ये. मी मरमरून स्पॅनिश शिकले होते. सहलीची सूचना कळली नाही आणि पोर एकटी वर्गात बसून राहिली. दडपलेल्यांनी दुसऱ्यांवर सक्ती करायची, हा कुठला न्याय?

जुनाबखर : हेच म्हणतोय! २०२० मध्ये कातालोनियाच्या उच्च न्यायालयालाच सांगावं लागलं की किमान २५ टक्के शिक्षण स्पॅनिशमध्ये द्या.

घाटवाट : ताई, पोरीचं वाईट वाटलं, मनापासून. पण तो शाळेचा गलथानपणा झाला. कातालोनियात कातालान ही रोजची मुख्य भाषा असणारे २००३ मध्ये ४६ टक्के होते, २०२३ मध्ये ३२.६. स्पॅनिश तर मुलं मैदानावरच उचलतात. वर्गही गेला तर उरतं काय?

रेवती_बार्सिलोना : टक्केवारी मला शिकवू नका. शाळेच्या दारात उभी मी राहते, तुम्ही नाही. वर्गाबाहेर पडताच पोरं स्पॅनिशच बोलतात. सक्तीने भाषा घरात शिरत नाही.

पिरेनीज_पलीकडे : मग दक्षिण फ्रान्समधल्या पेर्पिन्या शहरात या. १६५९ च्या तहात हा भाग फ्रान्सला गेला. १७०० मध्ये चौदाव्या लुईने सरकारी कागदांतून कातालान काढली, नंतर शाळा फ्रेंच झाल्या. माझ्या शेजारच्या आजीबाई कातालान बोलतात, लेकाला थोडी समजते, नातवंडांना शून्य. अंदोरा या शेजारच्या चिमुकल्या देशात तीच एकमेव राजभाषा आहे, म्हणून तिथे तिला मान आहे. शाळा आणि सरकार सुटलं की घरही सुटतं.

जुनाबखर : फ्रान्सचं उदाहरण बिनतोड आहे, नाइलाजाने मान्य करतो. पण म्हणून स्पॅनिशभाषक मुलाचा हक्क संपत नाही.

रेवती_बार्सिलोना : आजीबाईंचं पटलं. मुलगी आता कातालान फडाफडा बोलते, तेही खरं. पण नव्या पालकाला पहिलं वर्षभर सूचना दोन्ही भाषांत द्या. एवढं तरी मागू की नको?

घाटवाट : मागा. सूचना हव्या तितक्या भाषांत काढा. वर्ग मात्र कातालानमध्येच, त्यावर मी हटणार नाही.