शब्दचर्चा: नैसर्गिक, नॉर्मल, स्वाभाविक – समलिंगी आकर्षणाविषयी लिहिताना कोणता शब्द?

प्रश्न

पालकांसाठीच्या एका छोट्या पुस्तिकेचे मी मराठी भाषांतर करीत आहे. समलिंगी आकर्षण हे नैसर्गिक आणि ‘नॉर्मल’ आहे, अशा अर्थाचे एक वाक्य तीत आहे. पहिल्या मसुद्यात मी ‘नैसर्गिक व सामान्य’ असे लिहिले. मसुदा वाचणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी समासात लिहिले, ‘सामान्य कसे? बहुतेक माणसे तर अशी नसतात.’ दुसऱ्या एका बाईंनी ‘नैसर्गिक’ या शब्दाखाली रेघ मारून नुसतेच प्रश्नचिन्ह काढले. आक्षेप शब्दाला आहे की विषयाला, हे मला उमगलेले नाही. जाणकारांनी मत द्यावे, ही विनंती.

उत्तर

शिक्षकांचा आक्षेप शब्दापुरता बरोबर आहे. ‘सामान्य’ म्हणजे बहुतेकांत आढळणारे, आणि शिवाय बेताचे. ‘मुलगा अभ्यासात सामान्य आहे’ हे ऐकून कोणतीही आई सुखावत नाही. ‘नॉर्मल’ मात्र मराठीत दवाखान्याच्या वाटेने रुळला. प्रसूतिगृहाबाहेर ‘नॉर्मल झाली की सिझर?’ असे विचारणारी आजी, किंवा रक्ततपासणीचा कागद पाहून ‘सगळे नॉर्मल आहे’ असे सांगणारे डॉक्टर डोकी मोजत नसतात. काही बिघाड नाही, एवढेच त्यांना म्हणायचे असते. या अर्थाने प्रश्न केव्हाच निकालात निघाला आहे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, १७ मे १९९० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने तेच केले, आणि भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये हा आजार नसल्याचे स्पष्ट सांगितले. राहिला संख्येचा मुद्दा. घारे डोळेही बहुतेकांना नसतात. पण म्हणून घाऱ्या डोळ्यांच्या मुलीला कोणी नेत्रतज्ज्ञाकडे नेत नाही.

‘नैसर्गिक’ची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. मराठीत या शब्दाचा नेहमीचा विरुद्धार्थी शब्द ‘कृत्रिम’ हा आहे, परंतु समलिंगी माणसाला ‘अनैसर्गिक’ म्हणणाऱ्याला ‘कृत्रिम’ म्हणायचे नसते. त्याच्या मनातला अर्थ कायद्याच्या पुस्तकातून आलेला आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ३७७ ने ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संभोग हा गुन्हा ठरवला, आणि त्या कलमाचा शब्द पोलिसांच्या नोंदींतून वृत्तपत्रांच्या गुन्हेवार्तांमध्ये उतरला. लहान मुलावर बळजबरी झाली की आजही ‘अनैसर्गिक अत्याचार’ असे छापले जाते, जणू दुसऱ्या प्रकारचा अत्याचार नैसर्गिक असतो. त्या गुन्ह्यातले भयंकर ते बळजबरीत आहे, पण शब्द बोट दाखवतो ते भलतीकडेच, आणि कोणावरही बळजबरी न करणारी माणसे त्या डागाखाली येतात. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सज्ञान व्यक्तींचे परस्परसंमतीचे संबंध त्या कलमातून वगळले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच नाही. बातमीदारांच्या लेखणीतून मात्र तो शब्द अजून गेलेला नाही.

शंका

समलिंगी आकर्षण प्राण्यांमध्येही आढळते म्हणून ते नैसर्गिक, हा नेहमी ऐकू येणारा युक्तिवाद मला लंगडा वाटतो. प्राणी आपली पिलेही खातात. आणि संस्कृत परंपरेत प्रकृतीपासून ढळलेले ते ‘विकृती’ असे असताना, ज्या संबंधातून प्रजा होत नाही त्याला विकृती म्हटले तर भाषेच्या दृष्टीने काय चुकले?

शंकेचे उत्तर

प्राण्यांविषयी आपण म्हणता ते मान्य आहे. मेंढ्यांत काही नर केवळ नरांकडेच ओढले जातात, यावरून अशी ओढ ही माणसाने रचलेली गोष्ट नव्हे एवढेच कळते. योग्य-अयोग्य कळत नाही. परंतु हा नियम दोन्ही बाजूंना लागू आहे. ‘अनैसर्गिक’ ठरवूनही काही अयोग्य ठरत नाही, नाहीतर चष्मासुद्धा काढून ठेवावा लागेल.

‘विकृती’ विषयी मात्र मी असहमत आहे. सांख्य या प्राचीन भारतीय तत्त्वज्ञानात विकृती म्हणजे परिणामातून आलेले रूप, जसे दुधाचे दही. आपली बुद्धी आणि अहंकारही तिथे विकृतीच आहेत. कालिदासाच्या रघुवंशाच्या आठव्या सर्गात, पत्नी इंदुमतीच्या मृत्यूने खचलेल्या अज राजाला वसिष्ठ निरोप पाठवतात, त्यात मरणाला प्रकृती आणि जगण्याला विकृती म्हटले आहे. त्या अर्थाने ही चर्चा करणारे आपण सगळेच विकृतीत आहोत. आजच्या मराठीत ‘विकृत’ ही शिवी आहे. शिवी द्यायची आणि वजन संस्कृतचे लावायचे, हा व्यवहार बरोबर नाही. प्रजेचीच कसोटी लावायची, तर साठीनंतरच्या नवराबायकोंचे काय करणार? शिवाय मराठीने ‘प्रकृती’ला फार पूर्वीच माणसागणिक वाटून टाकले आहे: वैद्य कोणाची वाताची सांगतात, कोणाची कफाची, आणि ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ हे तर आपण रोज म्हणतो.

मूळ प्रश्नाबाबत एक सूचना. ‘सहज’ (सह + ज, म्हणजे जन्मासोबत आलेले) हा व्युत्पत्तीने सुंदर शब्द आहे, पण ‘सहज आलो होतो’ या आजच्या अर्थामुळे तो इथे हास्यास्पद होईल. ‘उपजत’ कारणाविषयी गरजेपेक्षा जास्त दावा करतो. ‘स्वाभाविक’ मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण ‘राग येणे स्वाभाविक आहे’ असे म्हटले की मराठी माणूस पुढे स्पष्टीकरण मागत नाही. आणि ‘नॉर्मल’साठी एकच शब्द शोधण्यापेक्षा ‘यात आजार काही नाही’ असे सरळ लिहावे.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे आभार. वाक्य आता असे केले आहे: ‘काही व्यक्तींना आपल्याच लिंगाच्या व्यक्तीची ओढ वाटते, ती स्वाभाविक आहे, आणि यात आजार काही नाही.’ प्रश्नचिन्ह काढणाऱ्या बाईंना काल फोन केला. त्यांचा विषयाला काडीचाही आक्षेप नव्हता; ‘नैसर्गिक’ हा शब्द हल्ली गुळाच्या डब्यांवर इतका दिसतो की माणसांसाठी वापरलेला बरा वाटला नाही, असे त्या म्हणाल्या. शिक्षकांचे उत्तर अजून आलेले नाही.