शब्दचर्चा : 'रिलीफ पिचर'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : बेसबॉलपटू मारियानो रिव्हेरावर लेख लिहितोय. सामन्यात मध्येच आधीच्या पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) जागी येणाऱ्या 'रिलीफ पिचर'ला 'राखीव गोलंदाज' चालेल का? आणि 'सेव्ह', 'ब्लोन सेव्ह' यांचं काय करू?

उत्तर १ : 'राखीव' नको. राखीव म्हटलं की पाणी घेऊन धावणारा बारावा गडी आठवतो. हा गडी तर १९९७ पासून २०१३ पर्यंत न्यूयॉर्क यांकीज संघाचा हुकमी एक्का होता! 'बदली पिचर' लिहा. आपल्याकडे बुमराहला दोन षटकांनंतर थांबवून शेवटी परत आणता येतं. बेसबॉलमध्ये एकदा बाहेर काढलेला पिचर त्या सामन्यात पुन्हा येत नाही. म्हणून क्लोजरला, म्हणजे सामना संपवायला येणाऱ्या पिचरला, नवव्या म्हणजे शेवटच्या इनिंगसाठी राखून ठेवतात.

उत्तर २ : राखून ठेवतात म्हणजे राखीवच की हो! :)

उत्तर १ : शब्दात पकडलंत. तरी 'बदली'च. 'क्लोजर' तसाच राहू द्या, 'समापक' वगैरे घडवायला जाऊ नका.

उत्तर ३ : 'सेव्ह'ला आपलं 'राखणे' चपखल बसतं. 'रिव्हेराने आघाडी राखली.' नेहमीचा प्रकार असा : संघ जास्तीत जास्त तीन धावांनी पुढे असताना यायचं, किमान एक इनिंग टाकायची आणि सामना जिंकून द्यायचा. आकडा सांगताना मात्र '६५२ सेव्ह' असंच लिहा; '६५२ राखण्या' कोण वाचेल? ही नोंद अधिकृत झाली १९६९ साली, आणि पनामात रिव्हेराचा जन्मही त्याच वर्षीचा.

प्रश्नकर्ता : मग ब्लोन सेव्ह म्हणजे 'हातचा सामना घालवला'?

उत्तर ३ : २००१च्या वर्ल्ड सिरीजच्या (विजेतेपदाच्या अंतिम मालिकेच्या) सातव्या सामन्यापुरतं चालेल. नवव्या इनिंगमध्ये यांकीज २-१ने पुढे. बंटवर (बॅटने हलकेच टेकवलेल्या चेंडूवर) रिव्हेराने दुसऱ्या बेसकडे केलेली फेक चुकली, पुढे बरोबरी झाली, आणि लुईस गोन्झालेझचा अर्धवट लागलेला चेंडू पुढे सरकलेल्या क्षेत्ररक्षकांच्या डोक्यावरून पडला. अ‍ॅरिझोना विजेते. पण एरवी नाही. बरोबरी होऊ दिली की ब्लोन सेव्ह लागतो, मग संघ नंतर जिंको वा हरो. तेव्हा 'आघाडी घालवली' म्हणा.

उत्तर २ : त्याच्या 'कटर'बद्दलही एक ओळ टाका, नाहीतर क्रिकेटवाले फसतील. आपला कटर टप्पा पडल्यावर वळतो. याचा हवेतच, अगदी शेवटी, डावखुऱ्याच्या मुठीकडे घुसायचा आणि बॅट मोडायचा.