तारीख चुकली म्हणून नागरी हक्कांचा दावाच काढून टाकावा का?

मूळ मत (न्यू जर्सी)

अमेरिकेत पोलिसाने किंवा तुरुंगाच्या पहारेकऱ्याने घटनेने दिलेला हक्क पायदळी तुडवला, तर १८७१ च्या कायद्यातून आलेल्या कलम १९८३ खाली संघीय न्यायालयात दावा लावता येतो. फौजदारी खटल्यातील गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळाला पाहिजे, हे १९६३ मध्ये गिडियन खटल्यात ठरले. दिवाणी दाव्यात मात्र तसा हक्क नाही, त्यामुळे कैद्यांचे बहुतेक दावे वकिलाविनाच चालतात. असा वादी एखादी मुदत चुकला, की दिवाणी कार्यपद्धतीच्या नियम ४१(ब) खाली त्याचा दावा काढून टाकता येतो, आणि आदेशात वेगळे काही म्हटलेले नसेल, तर ती फेटाळणी गुणदोषांवर दिलेल्या निकालाइतकीच अंतिम ठरते. मारहाण झाली होती की नाही, हे कोणी तपासलेलेच नसते.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते पाहा. कैद्याची दुसऱ्या तुरुंगात बदली होते आणि त्याच्या कागदपत्रांची पेटी मागाहून येते. दाव्याचा क्रमांक त्याच पेटीत असतो. तोवर न्यायालयाचा आदेश जुन्या पत्त्यावर जातो आणि पाकीट शिक्का मारून परत येते. आमच्या इथल्या संघीय न्यायालयाचा स्थानिक नियम सांगतो की पत्ता बदलल्यास ७ दिवसांत कळवावे. ते ७ दिवस त्याच्या हातातून केव्हाच निसटलेले असतात. अशा माणसाचा दावा काढून टाकणे मला अन्यायाचे वाटते.

प्रतिसाद (पुणे, वकिली व्यवसाय)

आपली कळकळ समजते, पण मी या मताशी सहमत नाही. कामकाज न चालवणाऱ्या वादीचा दावा स्वतःहून काढून टाकण्याचा न्यायालयाचा अधिकार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ च्या लिंक खटल्यातच मान्य केला आहे, आणि तिथे तर वादीला वकील होता, चूक त्या वकिलाची होती. वकील नसलेल्याच्या तक्रारअर्जाची भाषा उदारपणे वाचावी, हे १९७२ च्या हेन्स खटल्याने सांगितले. मुदतींनाही तीच सवलत लागू करावी, असे त्या न्यायालयाने म्हटलेले नाही. उलट १९८४ च्या बाल्डविन काउंटी प्रकरणात, नोकरीतील भेदभावाविरुद्ध स्वतःच न्यायालयाकडे आलेल्या एका महिलेने ९० दिवसांत रीतसर दावा दाखल केला नाही, तेव्हा केवळ सहानुभूतीपोटी कायद्याची अट बाजूला सारता येणार नाही, अशीच भूमिका घेतली गेली. १९९३ च्या मॅकनील खटल्यातही तेच झाले.

प्रतिवादी हाही माणूसच असतो. एखाद्या पहारेकऱ्यावर व्यक्तिशः दावा लागलेला असतो, साक्षीदार निवृत्त होतात, आठवणी पुसट होतात. मुदतवाढ हवी असेल तर नियम ६(ब) खाली एका पानाचा अर्ज पुरतो. आणि टपाल हातात नसलेल्या कैद्याचा विचार कायद्याने केलेला आहेच: १९८८ च्या ह्यूस्टन विरुद्ध लॅक निकालानुसार कैद्याने अपिलाची नोटीस तुरुंग अधिकाऱ्याच्या हाती दिली, की ती दाखल झाली असे धरतात.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर

तो निकाल कैद्याने पाठवलेल्या टपालाबद्दल आहे. न्यायालयाने पाठवलेला आदेश कैद्याला मिळालाच नाही, तर त्याचा काय उपयोग? जी मुदत पडली आहे हेच माहीत नाही, तिच्यासाठी एका पानाचा अर्ज तरी तो कशाच्या आधारे करणार?

न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया ज्या तिसऱ्या सर्किटमध्ये, म्हणजे संघीय अपील न्यायालयाच्या विभागात येतात, तिथे १९८४ च्या पूलिस खटल्यापासून फेटाळणीपूर्वी सहा गोष्टी तोलाव्या लागतात. त्यांतली पहिली म्हणजे चुकीला पक्षकार स्वतः किती जबाबदार आहे. ज्याला वकील आहे, त्याला ‘चूक वकिलाची, माझी नाही’ असे म्हणायला जागा उरते. ज्याला वकीलच नाही, त्याच्या माथी सगळी जबाबदारी येते, म्हणजे ज्याच्याकडे साधन सर्वांत कमी त्याच्याच विरुद्ध हा पहिला मुद्दा जातो. २००८ मध्ये ब्रिस्को खटल्यात याच सर्किटने एका कैद्याच्या दाव्याची फेटाळणी रद्द केली, हे मोलाचे आहे. पण त्यासाठी त्याला अपिलापर्यंत झगडावे लागले.

‘पुन्हा दाखल करण्याची मुभा ठेवून’ दावा काढला, तरी या दोन्ही राज्यांत अशा दाव्यांची मुदत २ वर्षांची आहे आणि ती बहुधा तोवर उलटलेली असते. शिवाय १९९६ च्या कायद्यानुसार कैद्याच्या खात्यातून हप्त्याहप्त्याने वळती होणारी ३५० डॉलरची फी दावा गेला तरी माफ होत नाही.

प्रतिसाद (नागपूर)

आपल्याकडील एक तुलना इथे लागू पडते, म्हणून लिहितो. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले व्हिव्हियन बोस यांनी सर्वोच्च न्यायालयात असताना, १९५५ च्या संग्रामसिंह प्रकरणात, कार्यपद्धतीची संहिता न्याय सुकर करण्यासाठी आहे, ती शिक्षेची संहिता नव्हे, असे लिहिले. वादी गैरहजर राहिला तर आपल्या संहितेतही दावा काढून टाकतात, मात्र पुरेसे कारण दाखवल्यास तो पूर्ववत होतो, आणि १९८७ च्या विधी सेवा कायद्याने कोठडीतील माणसाला दिवाणी कामासाठीही मोफत वकील मिळू शकतो. अंमलबजावणी किती तोकडी आहे हे मी रोज पाहतो, पण मागायला हक्क तरी आहे.

पुन्हा पुण्याहून

पत्त्याच्या मुद्द्यावर मला विचार करावा लागला. तुरुंग खात्यावर दावा आहे आणि त्याच खात्याने वादीला हलवले आहे, तर वादी कुठे आहे हे प्रतिवादी पक्षाला समजू शकते. न्यू जर्सीच्या तुरुंग खात्याची कैदीशोध यादी सर्वांना खुली आहे. लिपिकाने परत आलेल्या पाकिटावरचे नाव त्यात घातले तर काही मिनिटांत नवा तुरुंग कळेल. तेवढा शोध घेतल्याशिवाय आणि नव्या पत्त्यावर एक नोटीस गेल्याशिवाय कैद्याचा दावा काढू नये, हे मी मान्य करतो. सुटून बाहेर आलेला आणि महिनोन्‌महिने गप्प राहिलेला वादी मात्र निराळा. त्याच्यासाठी ती ७ दिवसांची अट तशीच राहावी, असे माझे मत आहे.